हुजूर नसलेला अर्ज

"तुम्ही वकील होतात का हो?" असं मला अजूनही कुणी कुणी विचारतं. नाही बाबा. वकिलाला काळा कोट असतो, खोली असते आणि खोलीत पंखा असतो. मला कलेक्टर कचेरीच्या आवारातला कडुनिंब होता, एक लाकडी पेटी होती आणि बसायला सतरंजी. पेटीत कागद, टाक, दौत आणि अंगठ्याची शाई. झाकण बंद केलं की तीच पेटी टेबल. धंदा अर्जनवीस. म्हणजे ज्याला लिहिता येत नाही, किंवा येतं पण सरकारपुढं हात कापतो, त्याचं म्हणणं कागदावर उतरवून देणारा. औरंगाबादच्या कचेरीत आमच्या घरानं हा उद्योग दोन पिढ्या केला. आधी माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मग मी. लोक अण्णांना थोरले मुनशी म्हणत, मला धाकटे मुनशी. मी साठ वर्षांचा झालो तरी धाकटाच राहिलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अर्ज लिहायला काय लागतं? म्हशीनं शेत खाल्लं, लिहून टाका म्हशीनं शेत खाल्लं. अहो, तसं नसतं. अर्जाला तीन भाग असतात. पहिला अलकाब, म्हणजे साहेबाला लावायच्या पदव्या आणि नमस्कार. मग हकिकत. मग मागणं. अण्णांचं म्हणणं असं की हकिकत कुणीही लिहील, मागणं तर सगळ्यांचं एकच असतं, पण अलकाब चुकला की काम फसलं. तहसीलदाराला काय म्हणायचं, तालुकदाराला काय, सुभेदाराला काय, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. निजामाच्या काळात सगळं उर्दूत. "गरीबपरवर सलामत" म्हणजे गरिबांचा वाली सुखरूप राहो, असं वर लिहायचं आणि अर्ज करणाऱ्याचं नाव लिहायच्या आधी "फिदवी", म्हणजे आपल्या पायावर जीव ओवाळून टाकणारा. वांग्याच्या वाफ्याची तक्रार घेऊन आलेला माणूससुद्धा कागदावर जीव ओवाळूनच टाकायचा.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम गेला, आणि हळूहळू कचेरीची भाषाही बदलली. चाळिशी उलटलेल्या माझ्या बापाला मराठी अर्ज नव्यानं शिकावा लागला. त्यांनी काय करावं? जुना अलकाबच मराठीत घेतला. "मेहेरबान गरीबपरवर साहेब यांचे चरणी पामराची नम्र विनंती ऐसीजे." राज्य गेलं, हुजूर काही गेला नाही. आणि खोटं कशाला सांगू, मीही तेच गिरवत मोठा झालो. तेवीस-चोवीसचा असताना अण्णांच्या शेजारी मी माझी वेगळी पेटी मांडली, तेव्हा पहिल्याच महिन्यात लोक म्हणायला लागले, "पोरगं बापापेक्षा गोड लिहितं." मला काय आनंद झाला होता!

आमच्या धंद्याचा एक नियम मात्र पक्का. अर्ज लिहून झाला की तो अर्जदाराला मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यानं "बराबर हाय" म्हटल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. अण्णांनी हा नियम कधी मोडला नाही. एकदा एक गृहस्थ आले, सासुरवाडीच्या गावाहून बदली पाहिजे म्हणून. म्हणाले, "मुनशीजी, साहेबाच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे." अण्णांनी असा काही मजकूर लिहिला, आणि असा काही वाचून दाखवला, की ते गृहस्थच हुंदके देऊन रडायला लागले. डोळे पुसत म्हणाले, "माझी हालत इतकी वाईट आहे हे मलाच ठाऊक नव्हतं." बदली झाली की नाही विचारू नका. झाली नाही. आणखी एकजण दर सोमवारी यायचा आणि शेजाऱ्याच्या कोंबड्यावर अर्ज लिहून न्यायचा. सरकारनं त्या कोंबड्याला समज द्यावी, एवढंच त्याचं मागणं होतं. कोंबडा म्हातारा होऊन मेला तेव्हा हा पेढे घेऊन आला, आणि जाताना म्हणाला, "आता सोमवारी काय करू?"

असे नमुने पुष्कळ पाहिले. पण आज सांगायचं आहे ते एकाच अर्जाचं. त्या अर्जापायी बाप माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता.

स्वातंत्र्यानंतरची दुसरी मोठी निवडणूक जवळ आली होती. मतदारांच्या याद्या लागल्या होत्या आणि ज्यांची नावं गळाली त्यांनी दावे दाखल करायचे दिवस चालू होते. दसरा नुकताच झालेला. शेवटच्या दिवशी, ऊन डोक्यावर आलं असताना, आवारात एकदम घोंगड्याच घोंगड्या दिसायला लागल्या. पुरुष, बाया मिळून एकतीस माणसं. मेंढरांचा वास त्यांच्या आधी येऊन पोचला होता. पुढं एक बाई. पन्नाशीची असेल. हिरवं लुगडं, हातात काठी, आणि चालणं असं की चपराशानं न सांगताच वाट दिली.

"अर्ज ल्हिनारे तुमीच का?"

"हो, या मावशी."

"मावशी नगं. भागूबाई म्हना. लई मोठं काम हाय."

काम खरोखर मोठं होतं. ही सगळी कन्नड तालुक्यातल्या एका गावच्या धनगर वस्तीची माणसं. पावसाळा संपला की मेंढरं घेऊन निघायची आणि मिरगाला परत यायची. त्या वेळी त्यांचा तळ दौलताबादला होता. तिथल्या शेतकऱ्यांनी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतली होती. वस्ती रानात गेलेली पाहून गावातल्या कारभाऱ्यांनी हरकत घेतली होती की ही फिरस्ती माणसं, ही गाव सोडून गेली, यांची नावं कमी करा. आणि झाली होती कमी. एकतीसच्या एकतीस. याद्यांचं काम शहरात डेप्युटी साहेबांकडं होतं, म्हणून पोरांना मेंढरांपाशी ठेवून ही मंडळी पहाटे निघून पायी आली होती.

मी आपलं सहज म्हणालो, "एका मतानं काय फरक पडतो, भागूबाई? एवढी तंगडतोड कशाला?"

बाई माझ्याकडं बघतच राहिली. मग खाली बसली आणि सांगायला लागली. "दादा, मागल्या डावाला आमी मत दिलं. त्याच्या आधी वाड्यावरचा माणूस आमच्या वस्तीवर आला. जलमात पयल्यांदा आला. ह्या घोंगडीवर बसला. आमच्या तांब्यातलं पानी पेला. 'भागूबाई, ध्यान असू द्या' म्हनला. मला त्यानं बाई म्हनलं, दादा! त्याच्या आधी काय म्हनायचा ते हितं सांगत न्हाई. आता नाव गेलं तर परत कोन येतंय घोंगडीवर बसायला?"

मी पेटी उघडली. कागद काढला.

आधी छापील फॉर्म भरायचे होते. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, गाव. नाव, वय, गाव झालं. नवऱ्याचं नाव म्हटलं की बाया तोंडाला पदर लावायच्या. घेणार कोण? नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं. मी कपाळाला हात लावला. एवढ्यात भागूबाईनंच तोड काढली. बायांना गोल बसवलं आणि म्हणाली, "आपल्याचं घ्यायाचं न्हाई, दुसरीच्याचं घ्याया काय झालं?" मग काय, हिनं तिच्या नवऱ्याचं, तिनं हिच्या नवऱ्याचं नाव सांगायचं, आणि सांगताना अशा हसायच्या की कचेरीतले कारकून खिडकीत येऊन उभे राहिले. भागूबाईचा नवरा वारून दहा वर्षं झाली होती. त्याचंही नाव तिनं घेतलं नाही. तिचा धाकटा दीर सत्वा, त्यानं सांगितलं.

फॉर्म संपायला तीन वाजले. त्यांच्यासोबत हकिकतीचा एक अर्ज जोडायचा होता, सगळ्यांचा मिळून. ते काम माझ्या हातखंड्याचं. मी झरझर लिहिला आणि नियमाप्रमाणं उभा राहून मोठ्यानं वाचायला लागलो. "मेहेरबान गरीबपरवर डेप्युटी साहेब यांचे चरणी. आम्ही पामर, अज्ञानी, रानोमाळ भटकणारे लोक हात जोडून विनंती करतो की, साहेबांनी थोर मनाने मेहेरबानी करून..."

"थांबा," भागूबाई म्हणाली. "अज्ञानी कोन?"

"तुम्ही. म्हणजे, अर्जदार. तसं लिहायची पद्धत आहे."

"चारशे मेंढरात कुनाचं कंचं ते म्या अंधारात हात लावून सांगते. तुमी सांगाल का?"

बाकीचे हसले. मीही हसलो आणि "अज्ञानी" खोडलं.

"आन भटकनारे?"

तेही खोडलं. "आता बरोबर आहे?"

"न्हाई. ती मेहेरबानी काढा."

आता मात्र माझी पंचाईत झाली. मेहेरबानी काढली तर अर्जात राहतं काय? मी तिला समजावून सांगितलं की हा नुसता रिवाज आहे, आपलं काय जातं, साहेब खूश होतो. तिनं शांतपणानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, मागल्या साली एका गावात शाळंच्या अंगाला तळ व्हता. सव्वीस जानेवारीला मास्तर पोरान्ला वाचून दावत व्हता. 'आमी भारताचे लोक' असं व्हतं त्यात. आमी म्हंजी कोन, म्या त्याला इचारलं. तो म्हनला, तुमीबी. मग आमीच जर ते कागूद केलं आसंल, तर आमच्याच नावापायी मेहेरबानी कुनाची मागायची? म्या अंगठा देनार न्हाई."

आणि तिनं अंगठा मुठीत घेतला. तिचं पाहून बाकीच्या तीस मुठी मिटल्या! पाच वाजता कचेरी बंद होणार, मुदत संपणार.

अण्णा शेजारच्या पेटीवर बसून सगळं ऐकत होते. ते कडाडले, "बाई, हट्ट करू नका. अलकाबाशिवाय अर्ज म्हणजे उघडाबोडका माणूस. माझ्या पेटीवरून असला नंगा कागद आजवर गेला नाही." मग मला म्हणाले, "लिही तू. मी सांगतो म्हणून लिही."

त्या दिवशी हमीद मास्तर तिथं नसते तर काय झालं असतं कुणास ठाऊक. हमीद मास्तर हे अण्णांचे जुने दोस्त. उर्दू शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. रोज दुपारी आमच्या सतरंजीवर वर्तमानपत्र वाचायला यायचे. त्यांच्या पिशवीत एक जाड इंग्रजी पुस्तक असायचं, जुन्या शेरवानीच्या कापडाचं वेष्टण घातलेलं. ती भारताची घटना होती. पोलीस अ‍ॅक्शननंतर मास्तर शाळेपुरतेच, तेही भीत भीत, घराबाहेर पडत. घटना आली तेव्हा त्यांनी हैदराबादहून ही प्रत मागवली आणि आधी शेवटापर्यंत वाचली, मग चार माणसांत यायला लागले. अण्णांना म्हणाले होते, "मुनशीजी, इसमें मेरा नाम नहीं है, मगर मैं हूँ."

त्या दुपारी मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मुनशीजी, बाई ठीक बोलत्यात," ते म्हणाले. मास्तरांचं मराठी अर्धं शाळेचं, अर्धं आमच्या शहागंजचं. "दीडशे-पावणेदोनशे बरस झाले, फ्रान्समध्ये, अमरीकेत, लोकांनी हाच सवाल केला. बादशाह म्हणायचा, तुमचे हक मी देतो. लोक म्हणाले, नाही जनाब. माणूस पैदा होतो ना, तेव्हाच त्याचे हक त्याच्यासोबत येतात. बादशाहनं दिलेले नाहीत, म्हणून बादशाहला काढून घेता येत नाहीत. मग ते त्यांनी कागदावर लिहिले. आपण बी लिहिले."

"जलमाबरुबर येत्यात, तर कागदावर कशापायी ल्हिवायचं?" सत्वानं विचारलं. मला वाटलं, आता मास्तर अडकले.

पण उत्तर भागूबाईनंच दिलं. "आरं, पटवारी कागदावर नाव चढवतो का न्हाई जिमिनीला? म्हंजी काय जिमीन पटवाऱ्यानं पैदा केली? जिमीन व्हतीच. उंद्या कुनी न्हाई म्हनू नये म्हून ल्हिवायचं."

मास्तर उठून उभेच राहिले. "वा! तीस बरस पोरांना शिकवलं, पण इतकं साफ मला कधी सांगता आलं नाही!"

इथं मला एक कबुली दिली पाहिजे. पुढं एका वकिलांना मी ही गोष्ट मोठ्या ऐटीत सांगितली, तर ते हसले. म्हणाले, बोलण्याचा, जगण्याचा हक्क वेगळा आणि मताचा हक्क वेगळा. मताचा हक्क कायद्यानं येतो, आईच्या पोटातून नाही. असेल बुवा. कायद्याचं ते जाणोत. पण त्या दुपारी निंबाखाली बसलेल्या एकतीस माणसांना हे कुणी पटवून दाखवलं असतं, तर मी त्याला मानलं असतं.

चार वाजून गेले होते. मी नवा कागद घेतला. शेजारून अण्णा बघताहेत हे मला न बघता कळत होतं. मग सुरू झाली आमची सभा. मी एक वाक्य म्हणायचं, एकतीस जणांनी ते चघळायचं. "विनंती" ठेवायची का? नाही. "कळवितो" चालेल? एक म्हातारा म्हणाला, "चालंल, पन दमात घ्या." "साहेब" ठेवायचं का, यावर चांगलीच जुंपली. सत्वा म्हणाला, काढा. भागूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मानूस हाय, त्याला साहेब म्हनल्यानं आपलं काय झिजत न्हाई. चरण तेवढे काढा." चरण काढले.

शेवटी राहिलं ते असं: "साहेब, आम्ही खाली अंगठे केलेले, वस्तीचे लोक, कळवितो की, आमची नावे मतदार यादीत होती ती काढली गेली आहेत. आम्ही मेंढरे घेऊन बाहेर जातो आणि परत येतो. गाव सोडलेले नाही. नावे आमची आहेत. ती परत लिहावीत."

एवढंच. अर्ध्या पानाहूनही कमी. मी उभा राहून वाचून दाखवलं. असं काही मी कधी वाचलं नव्हतं. मग भागूबाई म्हणाली, "बराबर हाय," आणि मूठ उघडली.

अंगठे चालू असताना अण्णांनी हात पुढं करून कागद मागितला. मला वाटलं, आता फाडतात. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "मुद्दा पक्का आहे. पण ही शेवटची ओळ वाकडी गेली. पुन्हा लिहून काढ. ज्या अर्जात हुजूर नाही, त्यात अक्षर तरी बरं असू दे." मी धावत धावत पुन्हा लिहिला, अंगठे पुन्हा घेतले, आणि खिडकी बंद होता होता कागद आत सरकवला. त्यानंतर अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत ते नाहीतच.

आठ दिवसांनी सुनावणी लागली. डेप्युटी साहेब नवे होते, घाटावरून बदलून आलेले, तरुण, चष्मेवाले. मी भागूबाईच्या मागं उभा. साहेबांनी अर्ज वाचला, उलटून मागं बघितलं, पुन्हा वाचला.

"हा अर्ज कोणी लिहिला? यात विनंती कुठं आहे?"

"साहेब, मी..." एवढंच तोंडातून निघालं.

"त्याला कशापायी इचारता?" भागूबाई म्हणाली. "ल्हिवला त्यानं, म्हननं आमचं हाय. तुमच्या घरचं काय मागायचं असतं तर इनंती केली असती, साहेब."

कारकुनानं लिहायचं थांबवलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बरं. पण बाई, तुम्ही आठ आठ महिने बाहेर. आज दौलताबाद, उद्या गंगापूर. मग तुमचं गाव कोणतं म्हणायचं?"

"साहेब, तुमी कुठले?"

"मी? मी साताऱ्याकडचा."

"हितं किती साल?"

"सहा महिने."

"त्याच्या आधी?"

साहेब जरा हसले. "नगरला. त्याच्या आधी नाशिक."

"मग तुमाला कुनी फिरस्ता म्हनलं का?" भागूबाईनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "आमच्या पोरींची लग्नं त्या गावात लागत्यात. माझा मालक गंगापुराच्या रानात मेला. दोन दिस बैलगाडीत घालून त्याला गावाला आनला, माती द्यायला. मेल्यावर आमचं गाव हाय, आन जित्या मानसाला न्हाई?"

साहेबांनी टाक घेतला आणि अर्जावर बराच वेळ लिहीत राहिले. मग कारकुनाला म्हणाले, "सगळी नावं घ्या." आणि माझ्याकडं बघून, "तुमचं अक्षर चांगलं आहे."

बाहेर आल्यावर माणसांनी जो गलका केला! सत्वानं घोंगडी हवेत उडवली. हमीद मास्तरांनी समोरच्या टपरीवरून सगळ्यांना चहा पाजला. अण्णांनी सुद्धा घेतला, आणि दोन दिवसांचा अबोला कधीच संपलेला असूनही मला उगीचच विचारलं, "साखर बरोबर आहे का तुझ्यात?"

आता ही गोष्ट इथं संपवली तर मी फार मोठा ठरतो, आणि तसं काही नाही. त्या अर्जानंतर मी सुधारलो म्हणाल, तर नाही सुधारलो. लोक यायचे आणि म्हणायचे, "जरा गोड लिहा, मुनशी." मी गोड लिहायचो. सरळ अर्ज उभ्या आयुष्यात दहा-बारा लिहिले असतील. ज्याचं त्याचं असलेलं मी त्यालाच हात जोडून मागायला लावलं, आणि चांगलं लिहितो म्हणून नाव कमावलं. याचं आता वाईट वाटतं. खूप वाटतं.

मतदानाचा दिवस आला. अण्णा आणि मी सकाळीच आंघोळ करून, धुवट कपडे घालून गल्लीतल्या शाळेत गेलो. माझं पहिलंच मत. मागच्या निवडणुकीला मी एकवीसचा नव्हतो. अण्णा मत देऊन बाहेर आले. माझी पाळी आली. टेबलामागच्या माणसानं यादीवरून बोट फिरवलं, पान उलटलं, परत मागं आला. "तुमचं नाव नाही."

"असं कसं? नीट बघा."

"नीटच बघितलं. नाही. पुढचे, या."

झालं होतं असं, की याद्या करणारा माणूस आमच्या गल्लीत आला तेव्हा मी कचेरीत बसून दुसऱ्यांचे अर्ज लिहीत होतो. अण्णांना वाटलं, हा रोज तिथंच असतो, यानं आपलं बघितलं असेल. मला वाटलं, घरी आले होते म्हणजे अण्णांनी सांगितलं असेल. यादी महिनाभर माझ्या पाठीमागच्या भिंतीला लावलेली होती. मी एकदा मान वळवली नाही! अख्ख्या जिल्ह्याला "यादी बघा हो, यादी बघा" म्हणून ओरडणारा मी. शाळेच्या पायरीवर उभा राहिलो तर आधी हसूच आलं. मग ओळखीची माणसं एकेक करून आत जाताना दिसली. राग आला. कुणाचा ते कळेना. मी इथंच जन्मलो, इथंच वाढलो, आणि मला बाजूला हो म्हणतात! दौलताबादहून एवढी तंगडतोड कशाला, असं मी त्या बाईला विचारलं होतं. त्या आठवणीनं मान खाली गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी भागूबाई कचेरीत हजर. एकटीच, कन्नडच्या एसटीनं आलेली. सगळी वस्ती गंगापूरच्या पलीकडून मतासाठी गावी परतली होती, अर्ध्यांनी सकाळी मत दिलं, अर्ध्यांनी तोवर मेंढरं राखली आणि दुपारी मत दिलं. हे सगळं तिनं उभ्या उभ्या सांगितलं आणि डावा हात पुढं केला. बोटावर शाईची रेघ. "येवढं दावाया आले."

अण्णांनी आपलं बोट दाखवलं. हमीद मास्तरांनी दाखवलं. तिघं एकमेकांची बोटं बघून असे खूश, जणू लग्नातल्या अंगठ्या दाखवताहेत. मी कागदपत्रं आवरायला लागलो.

"दादा, तुमचं बघू."

मी हात पेटीखाली घेतला. पण ती बाई चारशे मेंढरं राखणारी, तिच्यापासून काय लपतंय? सांगावं लागलं. मला वाटलं, आता हसेल. अण्णा तर हसू दाबायला खोकलेच. पण भागूबाई हसली नाही. काठी भिंतीला लावली, माझ्यासमोर सतरंजीवर बसली आणि पेटी माझ्याकडं सरकवली.

"ल्हिवा."

"आता काय उपयोग, भागूबाई? निवडणूक तर झाली."

"फुडली येईल का न्हाई? ल्हिवा. म्या बसते हितं."

मी टाक घेतला. तोवर किती माणसांचे अर्ज लिहिले असतील, त्याचा हिशेब नाही. पण अर्जदार म्हणून पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहायची वेळ कधी आली नव्हती. दोनदा टाक बुडवला, दोनदा शाई वाळली. तेवढ्यात बाहेरच्या सडकेवर कन्नडच्या गाडीचा भोंगा वाजला.

"तुमची गाडी जाईल," मी म्हणालो. "तुम्ही निघा, मी लिहितो नंतर."

"जाऊ द्या," भागूबाई म्हणाली. "गाडी दुसरी येती. नाव येकडाव हुकलं तर पाच सालं जात्यात."